चोपड्याहून परळला

९ जुलै

माझ्या धाकट्या भावाचे बाळ सात तारखेच्या संध्याकाळी चोपड्याला जन्मले. वजन दोन किलो आठशे ग्रॅम, रडणे खणखणीत. दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत पेढे वाटून झाले होते, आणि तेव्हाच माझ्या आईने बाळाची मूठ उघडून नखांकडे पाहिले व ती म्हणाली, "ही नखं जांभळी का दिसताहेत?" प्रसूतिगृहात सांगण्यात आले, की पावसाळी हवा आहे, बाळाला नीट गुंडाळून ठेवा. आम्ही गुंडाळून ठेवले. आज पहाटे त्याने दूध ओढणे सोडले, ओठांवर निळसर छटा आली, तेव्हा माझ्या धाकट्या भावाने कोणाच्या परवानगीची वाट न पाहता त्याला उचलले आणि आम्ही थेट जळगाव गाठले.

जळगावच्या बालरोगतज्ज्ञांनी बाळाच्या उजव्या हाताला आणि मग पायाला पल्स ऑक्सिमीटरची पट्टी गुंडाळली. रक्तातल्या ऑक्सिजनचा आकडा ६४ टक्के होता. ऑक्सिजन लावून पंधरा मिनिटे थांबले, तो ६६ झाला. "फुप्फुसाचा दोष असता तर एवढ्या ऑक्सिजनने आकडा चढला असता," ते म्हणाले. "चढत नाही, म्हणजे हृदयात पाहायला हवे." तासाभरात इकोची, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीची, तपासणी झाली आणि दोष कळला.

आदल्या दिवशी वाया गेलेल्या वेळाशी माझे मन अजून अडते, म्हणून एक गोष्ट इथेच लिहून ठेवते. करोनाच्या काळात पल्स ऑक्सिमीटर खेड्यापाड्यांतल्या घरांत पोहोचला. नवजात बाळासाठी त्याची पट्टी तेवढी वेगळी लागते. जन्मानंतर चोवीस तासांनी उजव्या हाताला आणि एका पायाला ती काही मिनिटे लावली, तरी अशा प्रकारचे बरेचसे गंभीर हृदयदोष लक्षात येऊ शकतात. दोन्हीकडे ९५ किंवा त्याहून अधिक आकडा असेल आणि दोहोंत तीनपेक्षा जास्त फरक नसेल, तर बाळ या चाचणीत उत्तीर्ण झाले असे मानतात. आकडा ९० च्या खाली असेल तर क्षणभरही थांबायचे नसते. या तपासणीला सुई लागत नाही, बाळाला दुखत नाही. ती प्रत्येक प्रसूतिगृहात व्हावी, एवढे मला अगदी कळकळीने सांगायचे आहे.

बाळाच्या हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या रक्तवाहिन्यांची अदलाबदल झाली होती. मी सोळा वर्षे शाळेत विज्ञान शिकवते. हृदयाची आकृती फळ्यावर काढायला मला पुस्तक लागत नाही: निळ्या खडूने उजवी बाजू, लाल खडूने डावी, उजव्या जवनिकेतून, म्हणजे खालच्या कप्प्यातून, फुप्फुस धमनी, डाव्या जवनिकेतून महाधमनी. आमच्या बाळाच्या हृदयात महाधमनी उजव्या जवनिकेतून निघाली होती आणि फुप्फुस धमनी डाव्या. त्यामुळे शरीरातून आलेले अशुद्ध रक्त पुन्हा शरीराकडेच जात होते आणि फुप्फुसांतून आलेले शुद्ध रक्त पुन्हा फुप्फुसांकडेच. दोन्ही फेऱ्या चालू होत्या, पण त्यांची गाठ पडत नव्हती. आईच्या पोटात असताना प्रत्येक बाळाला या दोन धमन्यांना जोडणारी एक आखूड नळी असते आणि जन्मानंतर ती आपोआप मिटते. तिच्यातून जे थोडेफार मिसळत होते त्यावर बाळ तगून होते, आणि ती मिटत चालली होती. नळी उघडी ठेवण्यासाठी नाभीतून प्रोस्टाग्लँडिनचे औषध सुरू झाले, मुंबईच्या रुग्णालयाशी बोलणे झाले, आणि संध्याकाळी पाच वाजता रुग्णवाहिका निघाली.

वहिनीला आणणे शक्य नव्हते. तिचे टाके ओले होते, रक्तस्रावही बराच झाला होता, आणि नऊ तासांचा रस्ता तिला झेपणार नाही असे डॉक्टरांनी स्पष्ट सांगितले. तिने फोनवर रडणे आवरून मला एवढेच सांगितले, "ताई, त्याला एकटं ठेवू नका. डोळे उघडले की कोणीतरी आपलं दिसलं पाहिजे त्याला."

धुळे, मालेगाव, नाशिक असा मुंबई-आग्रा महामार्ग मागे पडत गेला. पुढे चालकाजवळ भाऊ बसला होता आणि मागे पेटीसारख्या काचेच्या पाळण्याजवळ एक तरुण डॉक्टर व मी. औषधाचा पंप तळहाताएवढा होता आणि तो बंद पडू नये म्हणून दुसरा तयार ठेवला होता. इगतपुरी सोडल्यावर कसारा घाटात धुके इतके दाट झाले, की गाडी जवळजवळ चालण्याच्या वेगाने उतरू लागली, आणि तिथेच यंत्र वाजले. बाळाची छाती हलत नव्हती. डॉक्टरांनी शांतपणे हात आत घातला आणि मधल्या बोटाने बाळाच्या तळपायावर टिचकी मारली. एकदा, दोनदा. तिसऱ्या टिचकीला बाळाने पाय ओढून घेतला आणि छाती पुन्हा वरखाली होऊ लागली. "या औषधाने श्वास मधूनच विसरतात ही मुले," ते म्हणाले, "आठवण करून द्यावी लागते." शहापूर येईपर्यंत त्यांनी चार वेळा आठवण करून दिली. पाचव्या वेळी त्यांचा एक हात पंपावर होता, म्हणून त्यांनी माझ्याकडे पाहिले, आणि मी टिचकी मारली.

१० जुलै

रात्री दोनच्या सुमारास परळ आले. रुग्णालयाच्या फाटकाशी पावसात ताडपत्रीखाली माणसे झोपली होती, काहींच्या उशाशी एक्स-रेच्या मोठ्या पिशव्या होत्या. परळ भागात केईएम आहे, टाटा आहे, वाडिया आहे. महाराष्ट्रातले आणि महाराष्ट्राबाहेरचेही आजारपण या दोन-तीन रस्त्यांवर येऊन उतरते, हे मी वाचलेले होते. त्या ताडपत्र्यांच्या कडेने बाळाची पेटी आत नेताना मला कळले, की आता आम्हीही त्यांच्यातले झालो.

पहाटे हृदयरोगतज्ज्ञांनी समजावून सांगितले, की शस्त्रक्रियेपर्यंत बाळाला तगवायचे तर दोन्ही रक्तांना मिसळायला मोठी वाट हवी. मांडीतल्या शिरेतून बारीक नळी हृदयापर्यंत न्यायची, दोन कर्णिकांमधल्या, म्हणजे वरच्या दोन कप्प्यांमधल्या, पडद्यातल्या छोट्या भोकातून तिच्या टोकाचा फुगा पलीकडे न्यायचा, तो फुगवायचा आणि झटक्याने अलीकडे ओढायचा. पडदा फाटून वाट रुंद होते. हा उपाय १९६६ पासून केला जातो. ऐकताना भावाने माझे मनगट इतके घट्ट धरले होते, की दुपारपर्यंत बोटांचे वळ दिसत होते. बाळाच्या खाटेवरच, इकोच्या पडद्यावर पाहत, अर्ध्या-पाऊण तासात ते झाले. ५८ वर आलेला आकडा ८१ वर गेला. काचेतून पाहिले, तेव्हा त्याचे ओठ पहिल्यांदा गुलाबी दिसले. मी त्याचा फोटो काढून वहिनीला पाठवला. तिने उत्तरात काही लिहिले नाही, तोच फोटो मला परत पाठवला.

खाटेला पांढरी चिठ्ठी लावलेली होती: 'बेबी ऑफ', आणि पुढे वहिनीचे नाव.

११ जुलै

दिवस कागदांत गेला. महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेच्या खिडकीवर बसलेल्या आरोग्यमित्राने शिधापत्रिका मागितली, आईवडिलांचे आधार मागितले, बाळाचा जन्मदाखला मागितला. जन्मदाखला चोपड्याला, शिधापत्रिका घरच्या पत्र्याच्या पेटीत, पेटीची किल्ली आईच्या कमरेला. दिवसभर फोनवर फोटो येत राहिले. एकावर बोटाची सावली, एकावर पाणी सांडलेले. तो मुलगा मात्र एकदाही वैतागला नाही. "फोटो पुन्हा मागवा, ताई. नाव आणि अंक वाचता आले की बास," असे म्हणत त्याने संध्याकाळी सहाला, खिडकी बंद व्हायच्या आत, मंजुरीसाठी प्रस्ताव पाठवला. पॅकेजच्या बाहेरचा खर्च उरणार होता. त्यासाठी समाजसेवा विभागातल्या बाईंनी धर्मादाय संस्थांचे अर्ज भरून घेतले, आणि भावाने केळीच्या व्यापाऱ्याकडून पुढच्या कापणीवर उचल घेतली. घड अजून बागेतच होते.

आज बाळाची पाचवी. आमच्याकडे पाचव्या रात्री पाटा-वरवंटा पूजतात, जवळ कोरा कागद आणि लेखणी ठेवतात. रात्री सटवाई येते आणि बाळाच्या कपाळी त्याचा लेख लिहून जाते, अशी समजूत आहे. आईने घरी वहिनीजवळ पूजा मांडली, पण तिच्या जिवाला चैन नव्हते. तिने रात्री नऊला फोन केला. "सटवाई बाळाजवळ येते, बाळंतिणीजवळ नाही. तिथं कागद-लेखणी नाही ठेवली तर ती लिहील कशावर?" मी तिला अतिदक्षता विभागाचे नियम सांगू लागले आणि मधेच थांबले. सोळा वर्षे विज्ञान शिकवणाऱ्या माझ्याही मनात तोच प्रश्न दुपारपासून होता.

रात्रीच्या दहा मिनिटांच्या भेटीसाठी कोपरापर्यंत हात धुऊन, अंगरखा घालून आत गेले आणि संकोचून परिचारिकेला विचारले. ती मिरजेकडची होती. तिने खाटेच्या पायथ्याशी बोट दाखवले. तिथे एका पाटीला मोठा कागद अडकवलेला होता, त्यावर तासातासाचे रकाने आखलेले होते आणि दोरीने बांधलेले पेन लोंबत होते. "कागद आहे, पेन आहे, ताई. आणि आज रात्रपाळी माझीच आहे, मी इथून हलत नाही," ती म्हणाली. मग तिने घड्याळ पाहिले, बाळाचा आकडा पाहिला आणि नऊच्या पुढच्या रकान्यात ८३ लिहिले. मी बाहेर येऊन आईला तसेच सांगितले. पलीकडे बराच वेळ काही ऐकू आले नाही, मग ती म्हणाली, "बरं झालं. तिला म्हणावं, नीट लिही माय."

१३ जुलै

वहिनी रात्रीच्या गाडीने दादरला उतरली. बरोबर माझे यजमान आणि एक स्टीलचा डबा: डिंकाचे लाडू आणि बाजरीच्या भाकरी. बाळंतीण सहाव्या दिवशी घराबाहेर पडल्याबद्दल शेजारणी काय बोलल्या ते तिने सांगितले नाही, मीही विचारले नाही. दादरहून परळला टॅक्सीत ती एका कुशीवर बसली होती, प्रत्येक खड्ड्याला तोंडात पदर धरत होती.

आत तिने बाळाला हात लावला नाही. नळ्या कुठेतरी सुटतील अशी तिला भीती वाटत होती. परिचारिकेने तिचा हात धरून तळवा बाळाच्या डोक्यावर ठेवला, दुसरा त्याच्या तळपायांवर, आणि म्हणाली, "असा ठेवायचा. कुरवाळायचं नाही, नुसता ठेवायचा." पडद्यावरचा आकडा दोनने चढला. तो कशामुळे चढला हे सांगण्याइतके मला कळत नाही, मी पाहिले ते लिहिते आहे.

दूध काढण्याची खोली लांबट होती. भिंतीला टेकून सात-आठ बायका बसलेल्या, प्रत्येकीच्या हातात निर्जंतुक वाटी. घरी चार दिवस आईने वहिनीचे दूध हाताने काढून ते आटू दिले नव्हते, त्याचा आज उपयोग झाला. पहिल्या वेळी वाटीचा तळ जेमतेम झाकला गेला आणि तिला रडू आले. तिथल्या समुपदेशक बाईंनी तिला सांगितले, की बाळाला आत्ता नळीतून दर दोन तासांनी पाच मिलिलिटर द्यायचे आहे आणि तिच्या वाटीत बारा आहेत. कमी पडलेच तर दुग्धपेढी असते, हेही त्यांनी सांगितले. आशियातली पहिली मातृदुग्धपेढी याच शहरात, शीवच्या रुग्णालयात १९८९ साली सुरू झाली, ही गोष्ट मला त्या खोलीत कळली. वहिनी मात्र त्या दिवसापासून रात्री दोनला आणि पाचलाही उठून वाटी घेऊन बसू लागली.

१४ ते १६ जुलै

पाऊस थांबला नाही. शस्त्रक्रिया सोळाला ठरली होती. पंधराला बाळाला ताप आला, रक्ताच्या तपासणीत जंतुसंसर्गाची शंका निघाली आणि तारीख पुढे गेली. हिंदमाताजवळ पाणी भरले, गाड्या रखडल्या. आमच्या तालुक्यातल्या एका ओळखीच्या कुटुंबाने काळाचौकीच्या चाळीतली आपली खोली आम्हाला रात्रीपुरती उघडून दिली होती. दहा बाय बाराची खोली, त्यांची चार माणसे आणि आमच्यातले दोघे आळीपाळीने. गृहिणीने पहिल्याच दिवशी अंथरूण घालून दाखवले आणि पुन्हा त्याबद्दल बोलू दिले नाही.

तिकडे जाताना लालबागच्या गल्ल्यांतून गणपतींचे कारखाने लागत. प्लास्टिकच्या पडद्याआड उंचच उंच मूर्ती उभ्या होत्या, सगळ्या पांढऱ्या, अजून रंग नाही, डोळ्यांची आखणी नाही. मी रोज रात्री तिथे क्षणभर थांबत असे.

१७ जुलै

ताप उतरला. शस्त्रक्रिया उद्या.

शल्यविशारदांनी आम्हाला बसवले आणि केसपेपरच्या पाठीवर निळ्या पेनाने हृदय काढले. माझ्या फळ्यावरच्या आकृतीपेक्षा ते फार साधे होते, दोन पिशव्या आणि दोन नळ्या. दोन्ही धमन्या झडपांच्या थोडे वर कापायच्या आणि अदलाबदल करून जोडायच्या, हे मी वाचून समजून घेतले होते. अवघड भाग पुढचा होता. हृदयाच्या स्नायूला रक्त पुरवणाऱ्या दोन बारीक वाहिन्या महाधमनीच्या मुळाशी असतात. त्या भोवतालच्या टिकलीएवढ्या भिंतीसकट उचलून नव्या जागी शिवायच्या, आणि त्यात कुठेही पीळ किंवा ताण पडू द्यायचा नाही. "किती जाड असतात त्या?" भावाने विचारले. डॉक्टरांनी पेनाचे टोक कागदावर टेकवले. "दीड मिलिमीटर धरा." ही शस्त्रक्रिया पहिल्यांदा यशस्वी झाली ती १९७५ साली, ब्राझीलमध्ये, अदिब जतेने यांच्या हातून. त्याआधी जन्मलेल्या मुलांसाठी असा उपाय नव्हता, हे मनात आले आणि मी तो विचार बाजूला सारला.

घाई का, हेही त्यांनी सांगितले. डावी जवनिका सध्या फक्त फुप्फुसांना रक्त पाठवते आहे. ते हलके काम आहे, आणि हलक्या कामाने तिचा स्नायू आठवड्यागणिक दुबळा होत जातो. उद्यापासून तिला सगळ्या शरीराचा भार पेलायचा आहे, म्हणून पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच हे करायचे असते.

संमतीपत्रावर भावाने सही केली. बाळाच्या नावाच्या जागी त्याचे पेन थांबले, त्याने माझ्याकडे पाहिले, आणि मग तिथेही 'बेबी ऑफ' असेच लिहिले.

रक्तासाठी दाते हवे होते. भावाने रात्री गावच्या मुलांना कळवले होते. सकाळी नऊला रक्तपेढीच्या दारात आमच्या तालुक्यातली सहा मुले उभी होती. कोणी डोंबिवलीहून, कोणी भिवंडीच्या गोदामातली रात्रपाळी करून तसाच. रात्रपाळी करून आलेल्या दोघांना झोप झालेली नाही म्हणून परत पाठवले, तर ते दुपारी झोप काढून संध्याकाळी पुन्हा आले. एकाला मी सातवीत शिकवले होते. तो म्हणाला, "बाई, हृदयाची आकृती माझी नेहमी चुकायची." त्याला उत्तर देताना माझा आवाज फुटेना, मी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

१८ जुलै

सकाळी सव्वासातला बाळाला शस्त्रक्रियागृहाकडे न्यायला निघाले. उद्वाहनाच्या दाराशी वहिनी एकदम म्हणाली, "ताई, आज बारावा."

बाराव्या दिवशी बाळाला पाळण्यात घालतात आणि आत्या कानात नाव सांगते. नाव मी मेमध्येच ठरवले होते, मुलाचे एक आणि मुलीचे एक, आणि कोणाला सांगितले नव्हते. जळगाव सोडल्यापासून मी ते मनातही आणत नव्हते. एकदा नाव दिले, की कोणाला तरी गमवावे लागेल. 'बेबी ऑफ' असेपर्यंत ते अजून पुरते आमच्याकडे आलेले नाही, असा काहीतरी वेडा हिशेब माझ्या मनाने मांडला होता. घरी गेल्यावर थाटाने बारसे करू, असे मी सगळ्यांना सांगत होते.

"घरी करू ना, वहिनी," मी म्हणाले.

"नाही. आता सांगा," ती म्हणाली. "आत त्याला बिननावाचा नाही पाठवायचा. उद्या मला त्याला हाक मारावी लागली तर काय म्हणू?"

भूलतज्ज्ञ बाईंच्या हातात श्वासाची पिशवी होती, ती त्या ठरावीक लयीत दाबत होत्या. त्यांनी उद्वाहन धरून ठेवायला सांगितले. "एक मिनिट घ्या. हात लावू नका, मास्क काढू नका." मी वाकले. त्याच्या कानाची पाळी इतकी पातळ होती, की वरच्या दिव्याचा उजेड तिच्यातून लालसर दिसत होता. वीतभर अंतरावरून, मास्कमधून, मी त्याला त्याचे नाव सांगितले. वहिनीने माझ्यामागून हलकेच 'कुर्रर्र' केले. आणि दार मिटले.

पुढचे नऊ तास सांगण्यासारखे नाहीत. बाकावर आमच्याशिवाय चार माणसे होती: नांदेडकडचे एक जोडपे, आणि एक आजोबा आपल्या सुनेबरोबर. दहाच्या सुमारास भाऊ उठून खाली गेला आणि कागदाच्या पुडीत फुटाणे घेऊन आला. बारशाला घुगऱ्या वाटतात. घुगऱ्या कुठून मिळणार? त्याने प्रत्येकाच्या ओंजळीत फुटाणे घातले आणि सांगितले, "आज आमच्या मुलाचं नाव ठेवलं." आजोबांनी ओंजळ कपाळाला लावली आणि नाव विचारले. ते पहिल्यांदा मोठ्याने उच्चारले गेले ते असे, त्या बाकावर, भावाच्या तोंडून; त्यालाही ते वहिनीने सकाळीच सांगितले होते.

साडेअकराला निरोप आला, की हृदय थांबवून यंत्रावर घेतले आहे. हा निरोप चांगला असतो हे आजोबांना माहीत होते, आम्हाला नव्हते. अडीचला दुसरा आला: हृदय यंत्राशिवाय चालू लागले. साडेचारला शल्यविशारद स्वतः आले. टोपीच्या रेघेचा वळ त्यांच्या कपाळावर उमटलेला होता. वाहिन्या नीट बसल्या, डावी जवनिका काम करते आहे, छाती आज शिवलेली नाही कारण हृदयाला सूज आहे आणि त्याला जागा हवी, पुढचे दोन दिवस जोखमीचे, एवढे त्यांनी उभ्याउभ्या सांगितले. भावाने त्यांचे पाय धरले. ते गडबडून दोन पावले मागे सरले आणि मग खाली वाकून त्यांनी त्याला उठवले.

१९ ते २५ जुलै

छाती दोन दिवस पारदर्शक पडद्याखाली उघडी होती. वहिनीला पाहू नका म्हणून सांगितले होते, तिने पाहिले. आत अक्रोडाएवढे हृदय हलताना दिसत होते. बाहेर येऊन ती म्हणाली, "काम करतंय ताई, डोळ्यांनी पाहिलं मी." वीस तारखेला छाती शिवली. आकडा ९७ होता. पडदा चुकतो आहे की काय, असे वाटून मी दोनदा विचारले. बावीसला श्वासाची नळी निघाली आणि रडण्याचा आवाज आला, घोगरा, चिरकलेला. पंचवीसला त्याला वहिनीच्या मांडीवर दिले आणि त्याने सोळा दिवसांनी तिचे दूध ओढले. दोन घोट घेऊन दमला, झोपला, पुन्हा उठून तीन घोट घेतले.

बाकावरच्या आजोबांची जागा तेवीस तारखेपासून रिकामी होती. मी परिचारिकेकडे पाहिले, तिने मान हलवली.

६ ऑगस्ट

एकतीसला घरी सोडले, पण काल पुन्हा इको करून मगच प्रवासाची परवानगी मिळाली. औषधांची दोन बाटल्यांची पिशवी, पुढच्या तपासणीची तारीख आणि एक जाड फाइल. फाइलीवर अजूनही 'बेबी ऑफ' असेच आहे. खिडकीवरच्या मुलाने सांगितले, की जन्मदाखल्यावर नाव चढले की ते बदलेल. काळाचौकीची खोली सोडताना तिथल्या काकूंनी वहिनीची खणानारळाने ओटी भरली आणि बाळाच्या मुठीत दहाची नोट ठेवली. लालबागच्या गल्लीत कारखान्याचा पडदा बाजूला सारलेला होता. शिडीवर चढून एक माणूस बारीक कुंचल्याने डोळ्यांची आखणी करत होता, आणि खाली उभा असलेला मुलगा दिवा वर धरून हलत नव्हता.

रात्रीची गाडी कसाऱ्याला थांबली. घाट चढण्यासाठी मागे जादा इंजिने जोडतात; तिथला चढ सदतिसास एक असा आहे, गाडीला मागून रेटा लागतो. धक्का बसला, डबा हलला, आणि गाडी सावकाश चढू लागली. बाहेर तेच धुके होते. वहिनी आणि भाऊ दोघेही बसल्याजागी झोपले होते, बाळ माझ्या मांडीवर होते. दुपट्याच्या आत त्याची छाती हलते आहे की नाही ते निळ्या दिव्यात दिसेना. मी हात ठेवून पाहिला, पण गाडीच्या थरथरीत काही कळेना. मग मी दुपट्याबाहेर आलेल्या त्याच्या तळपायावर मधल्या बोटाने टिचकी मारली.

त्याने पाय आखडून घेतला, तोंड लाल केले आणि असा टाहो फोडला, की समोरच्या बर्थवरचे गृहस्थ उठून बसले, वरच्या बाईंनी दिवा लावला, वहिनी दचकून म्हणाली, "काय झालं?" मी त्याला त्याच्या नावाने हाक मारत, थोपटत, गाडी इगतपुरीला लागेपर्यंत उभी राहिले.